शेजाऱ्यांची विद्या

एखादा माणूस काय शिकतो आहे हे एका शब्दात सांगता आले, की गावात त्याच्या शिक्षणाची किंमत ठरते. डॉक्टरकी, वकिली, इंजिनिअरिंग, फार काय, गुरांची डॉक्टरकीसुद्धा! शब्द उच्चारला की ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे, म्हणजे पगाराकडे, वळतो. माझ्या भाचीच्या विषयाला असा एक शब्द नाही, आणि त्यामुळे आमच्या घराची फार पंचाईत झाली. ती पुण्यास राज्यशास्त्र शिकत होती तोवर निभावले. ‘पोरगी राजकारण शिकते’ एवढ्यावर गाव समाधान मानीत असे, आणि उद्या ही जिल्हा परिषदेला उभी राहील असा अंदाजही बांधीत असे. परंतु २०२१ च्या सप्टेंबरात शिष्यवृत्ती मिळवून ती बेल्जियममधल्या ब्रूज या गावी गेली, आणि तिथे ती काय शिकते हे सांगताना, चार कादंबऱ्या लिहून शब्दांवर हात बसलेल्या माझ्यासारख्या माणसाचीही जीभ अडखळू लागली. शेजारशेजारचे देश राजकीयदृष्ट्या एकमेकांत कसे गुंतत जातात, का गुंततात, कुठवर गुंततात आणि कुठे अडून बसतात, याचे पदव्युत्तर शिक्षण! पारावर मी हे एकदा सांगून पाहिले. एक वृद्ध गृहस्थ बराच विचार करून म्हणाले, “म्हंजे वाटण्या कशा करायच्या त्ये शिकवत्यात न्हवं?”

मी म्हटले, “नाही तात्या, झालेल्या वाटण्या पुन्हा जुळवायच्या कशा ते शिकवतात.”

“मग मास्तर, पोरगी लौकर माघारी येईल,” तात्या म्हणाले. “असलं शिकून कुनाला येत न्हाई.”

ज्या संस्थेत ती गेली तिचे नाव ‘कॉलेज ऑफ युरोप’. १९४८ साली हेग येथे युरोपच्या ऐक्यासाठी मोठी परिषद भरली होती. तीत साल्व्हादोर द मादारियागा या स्वदेशातून परागंदा झालेल्या स्पॅनिश विद्वानाने सुचवले की निरनिराळ्या देशांतल्या पदवीधर तरुणांनी एकत्र राहून शिकावे अशी एक संस्था काढावी. ब्रूजच्या नागरिकांनी व्हर्लेय नावाच्या एका फ्रान्सिस्कन पाद्र्याला पुढे घालून खटपट केली आणि १९४९ साली ती संस्था आपल्या गावात आणली. महायुद्ध संपून तेव्हा चारच वर्षे झाली होती. ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या अशी पोरे एका पंक्तीला जेवायला बसवणे, हा त्या संस्थेतला पहिला आणि मला वाटते सर्वांत अवघड धडा असावा. आज त्या संस्थेच्या शाखा पोलंडात आणि अल्बानियातही आहेत. शिकवण्याच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. मुक्काम वसतिगृहात, आणि वर्ष जेमतेम दहा महिन्यांचे.

एकत्र राहण्याचे परिणाम व्हायचे ते होतातच. ब्रिटनचे माजी उपपंतप्रधान निक क्लेग यांना त्यांची स्पॅनिश पत्नी याच कॉलेजात भेटली. डेन्मार्कच्या माजी पंतप्रधान हेले थॉर्निंग-श्मिट यांना त्यांचे ब्रिटिश यजमान इथेच भेटले. फिनलंडचे अध्यक्ष अलेक्झांडर स्टुब यांचीही तीच कथा. ही यादी भाचीने मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितली तेव्हा माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, दोन दिवस नीट जेवली नाही.

पण खरी अडचण अक्काची नव्हती, दाजींची होती. दाजी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. चोवीस वर्षे नोकरी, त्यातली पुष्कळशी काश्मिरात. तिथल्या एका चौकीवर त्यांचा जिवाभावाचा सोबती गेला. त्याविषयी ते बोलत नाहीत. मात्र त्याच्या घरी दर दिवाळीला फराळाचा डबा जातो आणि तो पोचवायला ते स्वतः जातात. मुलीने काय शिकावे यात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नाही. ऑक्टोबरात एके दिवशी तिचा फोन आला. ब्रूजपासून डामच्या कालव्याच्या काठाने गेले की तासा-दीड तासात हॉलंड लागते. पोरगी उत्साहाने सांगू लागली, “आप्पा, आज मी सायकलवरनं दुसऱ्या देशात जाऊन आले! सरहद्द कुठं लागली ते कळलंसुद्धा नाही!”

दाजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “सरहद्द कळली न्हाई? आमची मानसं त्यापायी मेली.” आणि त्यांनी फोन अक्काच्या हातात दिला.

त्यानंतर दीड महिना बाप लेकीशी बोलला नाही. फोन आला की दाजी गोठ्याकडे जात. लेकही बापाच्याच वळणाची. तिने दोनदा ‘आप्पा कुठं आहेत’ म्हणून विचारले आणि मग विचारायचे सोडले. मध्यस्थी माझ्याकडे आली. मध्यस्थाला निदान भांडणाचा विषय तरी ठाऊक असावा, म्हणून मी भाचीला म्हटले, “बाळ, तू तिथं काय वाचतेस ते मलाही पाठव.” तिने पाठवले. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. कॉलेजची पायरी मी चढलो ती नातेवाइकांच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहायला. त्यामुळे पदव्युत्तर वर्गाची पुस्तके वाचणे म्हणजे शब्दकोश मांडीवर घेऊन तासाला तीन पाने. तरी वाचली. आणि पहिल्याच आठवड्यात मला एक सोबती भेटला.

त्याचे नाव ज्याँ मोने. फ्रान्समधल्या कोन्याक गावी १८८८ साली जन्मलेला, ब्रँडीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. याने सोळाव्या वर्षी शाळा सोडली ती कायमची. बापाने धंदा शिकायला लंडनला पाठवले आणि पुढे परदेशी निघताना बजावले की पुस्तके बरोबर नेऊ नकोस, खिडकीतून बाहेर बघ आणि माणसांशी बोल. ज्या युरोपीय संघावर आज जगभर हजारो विद्यार्थी प्रबंध लिहितात त्याचा आराखडा या शाळा सोडलेल्या माणसाच्या डोक्यातून निघाला. हे वाचून माझ्या मनाला काय गुदगुल्या झाल्या त्या मॅट्रिकवाल्यांनाच कळतील! मुख्याध्यापकांनाही मी ते पान वाचून दाखवले. ते एम. ए., बी. एड. आहेत.

मोनेने जे सुचवले ते थोडक्यात असे. फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून तीनदा लढले होते. लढाईला लागतात तोफा, तोफांना पोलाद आणि पोलादाला कोळसा. कोळसा जर्मनांच्या रुहर खोऱ्यात, लोखंडाची खनिजमाती फ्रेंचांच्या लोरेनमध्ये. एकमेकांवाचून दोघांचेही भागत नाही, आणि म्हणूनच दोघांनाही दुसऱ्याचे बळकवावेसे वाटते. तेव्हा दोघांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक मंडळाच्या हाती द्यावे, आणि ज्यांना यावेसे वाटेल त्या इतर देशांनीही यावे. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी ही योजना जाहीर केली. १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी पॅरिसला करारावर सह्या केल्या. त्या कराराची प्रत फ्रान्समध्ये छापलेली, कागद हॉलंडचा, शाई जर्मनीची, बांधणीचे चर्मपत्र बेल्जियमचे, रेशमी फीत इटलीची आणि डिंक लक्झेंबर्गचा, अशी मोनेने आठवण लिहून ठेवली आहे. लग्नात सगळ्या भावक्यांचा मान राखावा तसे! करार मात्र पन्नास वर्षांच्या बोलीने होता, आणि २३ जुलै २००२ रोजी मुदत भरताच शांतपणे संपला. तोवर त्याच्या पोटातून पुढचा सारा संसार उभा राहिला होता.

इथे मला आमची विहीर आठवली, आणि खरे सांगायचे तर विषय समजला तो तिथेच. आमच्या मळ्यातल्या विहिरीत चार घरांचा हिस्सा आहे. सहा आणे आमचा, चार आणे दाजींचा (ही जमीन त्यांनी निवृत्तीनंतर घेतली), राहिलेल्या सहा आण्यांत दोघे चुलत भाऊ. या चार घरांत प्रेम आहे म्हणाल तर नाही. एक चुलतभाऊ माझ्या लग्नाला आला नव्हता आणि मी त्याच्या वास्तुशांतीला गेलो नाही. परंतु पाण्याची पाळी चुकत नाही. मोटार सामायिक, वीजबिल सामायिक, स्टार्टर जळाला तर वर्गणी आण्याप्रमाणे. ज्याने ही पाळी लावून दिली तो आमचा आजोबा काही संत नव्हता. विहीर बुजली तर चौघेही मरतील एवढे त्याला कळत होते.

भाचीला मी हे कळवले तेव्हा तिचे तीन पानी उत्तर आले. एर्न्स्ट हास नावाचा एक पंडित होऊन गेला. मूळचा फ्रांकफुर्टचा ज्यू, १९३८ साली मुलगा असताना अमेरिकेला गेलेला. १९५८ साली त्याने या कोळसा-पोलाद मंडळावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की एका गोष्टीत एकत्र काम सुरू झाले की ते तिथेच थांबत नाही. कोळशाचा दर ठरवायचा तर रेल्वेचे भाडे ठरवावे लागते, भाडे ठरवायचे तर मजुरी बघावी लागते. असे करत एकी एका शेतातून दुसऱ्या शेतात झिरपते. यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ सांडणे, ओसंडणे असा होतो. भाचीने लिहिले होते, “मामा, मी त्याला पाझर म्हणते. बरोबर आहे का?” मराठीच्या मास्तराने एवढ्यावर पूर्ण गुण द्यावेत! विहिरीच्या खालच्या अंगाला ज्याचे शेत आहे त्याला पाझर म्हणजे काय ते विचारा. मागितला नाही, दिला नाही, तरी मिळतो.

पण शास्त्र म्हटले की वाद आलाच. स्टॅन्ली हॉफमन नावाच्या दुसऱ्या पंडिताने १९६६ साली हासला अडवले. तो म्हणाला, व्यापाराच्या गोष्टी झिरपतील, पण जिथे राष्ट्राच्या जिवाचा प्रश्न येतो, म्हणजे सैन्य आले, परराष्ट्रनीती आली, तिथे पाझर थांबतो; तिथे खडक आहे. याला पुरावा होता. सहा देशांचे एकच सैन्य करण्याची योजना १९५० साली फ्रान्सनेच मांडली, आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने ती मोडून काढली. माझ्या भाषेत सांगायचे तर, विहीर सामायिक होते, चूल होत नाही.

हॉफमनचे हे म्हणणे मी दाजींच्या कानावर घातले. त्यांना ते पटले, आणि पटले म्हणजे त्यांचा राग थोडा अधिकच घट्ट झाला. “मग हेच्यासाठी बेल्जमला जायला लागतंय?” एवढेच म्हणाले. मग मी मिलवर्ड काढला. हा इंग्रज इतिहासकार. १९९२ साली त्याने लिहिले की या देशांनी आपल्या सत्तेतला हिस्सा सामायिकात घातला तो देश पुसण्यासाठी नव्हे, देश वाचवण्यासाठी. युद्धाने राज्ये मोडकळीस आली होती. शेतकऱ्याला भाव, कामगाराला काम आणि म्हाताऱ्याला पेन्शन द्यायची तर एकट्याने निभणारे नव्हते. ज्याचे राज्य आपल्या माणसांना जगवू शकते त्याच्याच सीमेला अर्थ उरतो. दाजी ऐकत होते. पेन्शनचे नाव निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली, पण बोलले नाहीत.

मला स्वतःला या सगळ्या पंडितांपेक्षा तीन माणसांचे जन्मगाव अधिक बोलके वाटले. शुमान जन्मला लक्झेंबर्गमध्ये, बाप लोरेनचा. लोरेन १८७१ साली जर्मनीने घेतलेला, म्हणून शुमान जर्मन प्रजाजन. १९१९ साली तो फ्रान्सला परत मिळाला तेव्हा हा तेहेतिसाव्या वर्षी फ्रेंच झाला आणि पुढे फ्रान्सचा पंतप्रधानही झाला! इटलीचा पंतप्रधान दे गास्पेरी जन्मला त्रेंतिनोत, तेव्हा ते ऑस्ट्रियात होते; तारुण्यात तो व्हिएन्नाच्या संसदेत बसत असे. जर्मनीचा आदेनाउअर ऱ्हाईनकाठच्या कोलोनचा. तिघे भेटले की जर्मनमध्ये बोलत. राजधानीतल्या माणसाला सीमा नकाशावर दिसते. सीमेवरच्या माणसाला ती स्वयंपाकघरात दिसते, बाजारात दिसते, सुनेच्या बोलण्यात ऐकू येते. आमच्या गावचा ओढा ओलांडला की कर्नाटक. ती देशाची नव्हे, राज्याची हद्द. १९५६ पासूनचा तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तरी मंगळवारच्या बाजारात मी मिरचीचा भाव कानडीत करतो आणि विकणारी बाई पैसे मराठीत मोजते, हे कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही.

त्या अभ्यासक्रमातला कायद्याचा भाग मात्र मी गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचला. मिलानमध्ये कोस्ता नावाचा एक वकील होता. इटलीने वीज कंपन्या सरकारजमा केल्या. याचा त्याला राग. याने वीजबिल भरायचे नाकारले. बिल किती, तर १,९२५ लिरा, म्हणजे अगदीच किरकोळ. प्रकरण लक्झेंबर्गच्या सामायिक न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६४ साली त्या न्यायालयाने ठरवले की सामायिक कायदा आणि एखाद्या देशाचा कायदा यांत विरोध आला तर सामायिक कायदा वरचढ. त्याच्या आदल्या वर्षी एका डच मालवाहू कंपनीने जर्मनीतून आणलेल्या एका रसायनावर तीनऐवजी आठ टक्के जकात पडली म्हणून दावा लावला होता; त्यातून ठरले की सामायिक कराराने साध्या नागरिकालाही हक्क मिळतात आणि ते त्याला आपल्या देशाच्या कोर्टात मागता येतात. फ्रान्सची काळ्या करवंदासारख्या एका फळाची दारू जर्मनीने ‘पुरेशी कडक नाही’ म्हणून अडवली. त्यावर १९७९ साली निकाल झाला की एका देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ कारणावाचून अडवू नये. वीजबिल, जकात आणि दारू! आमच्या तालुक्याच्या कोर्टातही याच तीन गोष्टी चालतात. तिथून एक खंड कसा जोडायचा ते मात्र आमच्या वकिलांना सुचलेले नाही.

या विद्येचे दोषही भाचीने लपवले नाहीत. आतली कुंपणे काढताना त्यांनी बाहेरचे कुंपण उंच केले, हे तिने स्वतः अनुभवले. सरहद्दी विरघळण्याचे शास्त्र शिकायला जाण्यासाठी तिला सरहद्द ओलांडायचे जे कागद गोळा करावे लागले, त्यांत दाजींच्या पेन्शनच्या पुस्तकापासून अक्काच्या जन्मदाखल्यापर्यंत सर्व काही होते. आणि सामायिकातून हिस्सा काढून घेणारा निघतोच. मौज अशी की ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ब्रसेल्सहून चालणाऱ्या महाराज्याविरुद्धचे आपले गाजलेले भाषण २० सप्टेंबर १९८८ रोजी केले ते याच कॉलेजच्या व्यासपीठावरून! १९७३ साली आत आलेले ब्रिटन २०१६ च्या सार्वमतानंतर ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. ते भाषण आजही वर्गात शिकवतात म्हणे. आपल्याला दिलेल्या शिव्या अभ्यासक्रमात लावणारी संस्था मला आवडली.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री माझा फोन वाजला. साडेबारा वाजले होते. भाची म्हणाली, “मामा, फोन आप्पांकडे न्या. आत्ता. त्यांनी बोललं नाही तरी चालेल.” मी चप्पल न घालताच पलीकडच्या घरात गेलो. दाजी जागेच होते. पलटणीतली सवय, पावलाच्या आवाजाला उठतात. मी फोन मध्ये ठेवला.

ब्रूजपासून तासाभराच्या वाटेवर ईप्र नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात ते गाव मातीस मिळाले. १९१५ च्या एप्रिलात जर्मनांनी विषारी वायूचा पहिला मोठा हल्ला केला तो याच गावाच्या वेशीवर. तिथे मेनिन गेट नावाची मोठी कमान आहे आणि तिच्यावर चोपन्न हजारांहून अधिक शिपायांची नावे कोरली आहेत. ज्यांचे देह ओळखू आले नाहीत, ज्यांना थडगे नाही, असे. १९२८ पासून दररोज संध्याकाळी आठ वाजता त्या कमानीखाली बिगुल वाजतो. दुसऱ्या युद्धात जर्मन अंमल होता तेवढाच काय तो खंड. तिथले आठ म्हणजे आमचे साडेबारा.

फोनमधून आधी गाड्या थांबल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग बिगुल. ‘लास्ट पोस्ट’. लाइट इन्फंट्रीचा माणूस बिगुलावर उठतो, बिगुलावर जेवतो. पहिल्या सुरालाच दाजी पलंगावरून उतरले आणि बनियन-लुंगीवर सावधान उभे राहिले. अक्का दारात येऊन थांबली. सूर संपल्यावरही ते तसेच उभे होते.

मग ते फोनकडे वाकले. “किती हाईत?”

“चोपन्न हजारांवर, आप्पा.”

“आपली?”

“आहेत. शीख आहेत, पठाण आहेत, डोगरे आहेत, पंजाबी मुसलमान आहेत. कितीकांची गावं आता पाकिस्तानात गेलीत.”

दाजी थांबले. “सगळी एकत्रच लिवल्यात?”

“पलटणीप्रमाणं लावलीत.”

“मग बराबर हाय,” दाजी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “थंडी असंल तिथं. जा खोलीवर.”

एवढेच संभाषण झाले. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ते गोठ्याकडे गेले नाहीत.

पुढे २४ फेब्रुवारी २०२२ आले. रशियाने युक्रेनवर स्वारी केली. भाचीच्या वसतिगृहात एक युक्रेनी मुलगी होती. तिचे आईबाप खार्किव्हला. त्या रात्री भोजनगृहात कुणी जेवले नाही. चार दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, युक्रेनने युरोपीय संघात प्रवेशासाठी अर्ज केला, आणि २३ जूनला त्याला उमेदवार देश म्हणून मान्यता मिळाली. फेब्रुवारीच्या त्याच अखेरच्या दिवसांत युरोपीय संघाने हल्ला झालेल्या देशाला शस्त्रे पुरवण्यासाठी सामायिक व्यवस्थेतून पैसा देण्याचे प्रथमच ठरवले. हॉफमनच्या खडकाला ओल आली की नाही यावर भाचीच्या वर्गात दोन दिवस कडाक्याचा वाद झाला. युक्रेनी मुलगी त्या वादात नव्हती. ती फोन उशाशी घेऊन खोलीत बसलेली असे. दाजी रोज विचारीत, “त्या पोरीच्या घरच्यांचं काय कळलं?” आठव्या दिवशी कळले की ते पोलंडात पोचले. त्या मुलीला आम्ही कुणी पाहिले नाही. तरी अक्काने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

जूनअखेर भाची परतली. आता ती दिल्लीला संशोधन करते आणि दिवाळीला घरी येते. आपल्याकडच्या शेजाऱ्यांविषयी मी तिला विचारतो तेव्हा तिचे उत्तर आखूड असते. सार्क संघटना १९८५ साली ढाक्याला स्थापन झाली. तिची शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूला झाली, त्यानंतर नाही. “पाळीच लागलेली नाही मामा, पाझर कुठला यायचा?” असे ती म्हणते. पण एक गोष्ट ती आवर्जून सांगते, आणि ती दाजींना फार आवडते. कूचबिहारच्या बाजूला भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात होते आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे आपल्या पोटात. तिथे पन्नास हजारांच्या आसपास माणसे राहत. ना शाळा, ना दाखला, ना पोलीस, घराबाहेर पडले की परदेश. १९७४ साली दोन्ही देशांचा करार झाला, आणि तो अमलात यायला २०१५ चा ऑगस्ट उजाडला. तुकड्यांची अदलाबदल झाली, माणसांना देश निवडू दिला.

“हिशोब मिटवला. ब्येस केलं,” दाजी म्हणतात. “सरहद्द सरळ झाली.”

गेल्या दिवाळीत त्यावर भाचीने त्यांना बार्ले गावाची हकीकत सांगितली. हॉलंडच्या पोटात बेल्जियमचे बावीस तुकडे, त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा हॉलंडचे तुकडे, आणि सगळे मिळून एक गाव. त्यांनी मात्र काही सरळ केले नाही. सीमा फरसबंदीवर पांढऱ्या खुणांनी आखलेली. ती दुकानातून जाते, घरातून जाते. घर कोणत्या देशाचे हे ठरते पुढच्या दारावरून. दार ज्या देशात उघडते, घर त्या देशाचे.

दाजी अंगणात आकाशकंदिलाची वायर जोडीत होते. त्यांनी ती तशीच हातात धरली आणि बराच वेळ विचार केला.

“आनि घरपट्टी कुठं कमी हाय, हिकडं का तिकडं?”

भाचीला ते ठाऊक नव्हते. तिने वहीत लिहून घेतले.